मातृमुखी

वाक्यपदीयाच्या पहिल्या कांडातली ३५वी कारिका वाचून झाली तेव्हा माझा डावा हात मांडीवर अर्धवट मिटलेला होता. शेजारी बसणाऱ्या ताईंनी हलकेच विचारलं, "हात दुखतोय का?" मी नाही म्हटलं. चाळीसेक ग्रॅमचं काहीतरी ऊबदार धरावं तसा तो आपोआप झाला होता, आणि असा तो कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दर बुधवारी संध्याकाळी पुण्यात आम्ही सात-आठ निवृत्त माणसं एका सरांकडे भर्तृहरी वाचतो. पुणे विद्यापीठानं १९६५ मध्ये काढलेली अभ्यंकर-लिमये यांची आवृत्ती सरांच्या हातात असते, आमच्याकडे तिच्या झेरॉक्स. त्या कारिकेत भर्तृहरी म्हणतो की रत्नांची, नाण्यांची पारख ज्याला येते त्याचं ज्ञान अनुमानातून आलेलं नसतं. ते निव्वळ अभ्यासानं येतं, आणि दुसऱ्याला सांगता येत नाही. सरांनी इथे थांबून एक गोष्ट लक्षात आणून दिली. शब्दावाचून कुठलंही ज्ञान होतच नाही, असं पुढे ज्यानं ठासून सांगितलं, तोच वैयाकरण इथे मान्य करतोय की काही ज्ञान शब्दांत मावत नाही. वर्गात त्यावर बरीच चर्चा झाली. सराफांची उदाहरणं निघाली, आंब्याच्या दलालांची निघाली, नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्यांची निघाली. मी काही बोलले नाही. असं ज्ञान माझ्याकडे होतं, पण ते एका दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांचं.

मी जनावरांची डॉक्टर. १९८३ साली पदवी हातात पडली, सरकारी नोकरीची ऑर्डर यायला तीन वर्षं लागली, आणि ती तीन वर्षं मी पुणे जिल्ह्यातल्या एका हॅचरीत काढली. अंड्यांवरच्या कोंबड्यांची हॅचरी. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटायची, ट्रे बाहेर यायचे, आणि पहिल्या चोवीस तासांच्या आत नर आणि मादी वेगळे करावे लागायचे. पिल्लाच्या पोटात बलकाचा शेवटचा अंश असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरतं. म्हणून तर एका दिवसाची पिल्लं खोक्यांत भरून दूरदूर पाठवता येतात. पण लिंग ओळखायची जी खूण शरीरात असते, ती मात्र दिवसभरात आत ओढली जाते.

ही खूण जपानी शास्त्रज्ञांनी शोधली. मासुई आणि हाशिमोतो यांचं काम १९२५च्या सुमारास जपानात प्रसिद्ध झालं, १९२७ मध्ये ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत ते जगापुढे आलं, आणि पुढच्या दहा वर्षांत जपानी सेक्सर, म्हणजे पिल्लांचं लिंग ओळखणारे कारागीर, अमेरिका-युरोपच्या हॅचऱ्यांमध्ये जाऊन पोहोचले. कृती सांगायला सोपी आहे. डाव्या हातात पिल्लू घ्यायचं. पोट अलगद दाबून विष्ठा काढून टाकायची. अंगठ्यानं आणि तर्जनीनं गुदद्वाराची कड उलगडायची आणि दिव्याखाली धरायची. आत टाचणीच्या डोक्याएवढा एक उंचवटा दिसतो. तो गोल, चकचकीत आणि टणक असला, बोटानं दाबल्यावर पुन्हा वर आला, तर नर. चपटा, निस्तेज असला किंवा नसलाच, तर मादी.

एवढं मला पहिल्या सकाळी सांगून झालं. ज्यांनी सांगितलं त्यांना सगळे मास्तर म्हणत. दिवसाला पाच-सहा हजार पिल्लं त्यांच्या हाताखालून जात. त्या माहितीवर मी दहांपैकी जेमतेम आठ ओळखू लागले. उरलेल्या दोघांत सगळं शास्त्र होतं. काही माद्यांनाही उंचवटा असतो. काही नरांचा चपटा असतो. दोन पिल्लं शेजारी धरून मी विचारायची, "मास्तर, यात फरक काय?" ते बघायचे आणि म्हणायचे, "हा नर, ही मादी." कसं, म्हटलं की पुन्हा बघायचे, थोडा वेळ खरोखर शोधायचे, आणि म्हणायचे, "बघत राहा, मॅडम."

पुढे वाचनात आलं की पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी या सेक्सरांना फार प्रसिद्ध करून ठेवलंय. आपल्याला कसं कळतं हे ज्याला सांगता येत नाही, पण ज्याचं बरोबर येतं, त्याला ज्ञान आहे असं म्हणायचं का, या वादात सेक्सर हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. त्यांच्या उदाहरणातल्या सेक्सरला आपण काय बघतो तेसुद्धा ठाऊक नसतं. हे चूक आहे. काय बघायचं ते आम्हा प्रत्येकाला ठाऊक होतं. १९८७ मध्ये अमेरिकेत बीडरमन आणि शिफरार या दोघांनी याचा प्रयोगच केला. कधीही पिल्लू हातात न धरलेल्या लोकांना त्यांनी त्या उंचवट्याचे फोटो दाखवले. त्यांचं ६० टक्क्यांच्या आसपास बरोबर आलं, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडं बरं. मग उंचवटा फुगीर की चपटा, एवढंच सांगणारा एक कागद वाचायला दिला, आणि आकडा ८४च्या आसपास गेला. माझा अनुभव तंतोतंत हाच. सांगता येण्यासारखं बरंच असतं आणि ते लवकर सांगून होतं. भर्तृहरीचं 'सांगता न येणारं' सुरू होतं ते तिथून पुढे.

आणि तिथून पुढचं शिकायचं कसं? अभ्यासानं, हे खरं. पण आपलं चुकलं हे कळल्याशिवाय अभ्यास होत नाही. सराफाच्या हाताखालच्या पोराला त्याचा मालक दगड परत दाखवतो, घासून दाखवतो. आमच्याकडे मास्तरांनाही शंका आली तर एकच उपाय होता. पिल्लू उघडायचं. नराच्या पाठीकडे, मूत्रपिंडांजवळ, तांदळाच्या कणीसारखी दोन फिकट वृषणं दिसतात. मादीला फक्त डाव्या बाजूला अंडाशय. मी शिकले ती या कात्रीवर शिकले. पहिल्या महिन्यात किती, ते मी मोजलेलं नाही.

त्या दिवाळीला मी गावी गेले. माझे वडील, आबा, माळकरी. घरात आजीच्या कोंबड्या होत्या, त्याबद्दल त्यांनी आजीला कधी शब्दानं टोकलं नाही. ते फक्त खात नसत. त्यांनी विचारलं, "काय काम असतंय तिथं?" मी सांगितलं, पिल्लं ओळखते, नर कुठला, मादी कुठली. "मग नरांचं काय करत्यात?" मी खरं सांगितलं. अंड्यांवरच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि त्याला मांसही धरत नाही, त्याला दाणा घालणं परवडत नाही. काही रंगवून फेरीवाले घेऊन जातात, बाकीची पिंपात जातात. आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि तू?" मी म्हटलं, "मी फक्त ओळखते, आबा. टाकणारा दुसरा असतो." त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली की ऐकलं म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि ते गेले तेव्हाही कळलेलं नव्हतं.

आजीच्या डालग्याखाली असं काही नव्हतं. कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी ठेवायची, फुटतील ती पिल्लं फुटायची, करडी, काळी, तपकिरी, पाठीवर पट्टे असलेली, आणि सहा-आठ आठवडे त्यांना निव्वळ पिल्लंच म्हणायचं. मग कुणाचा तुरा लाल व्हायला लागे, कुणाच्या शेपटीचं पीस वाकडं होई. तलंग निघाली तर ती अंड्यांना राहायची. कोंबडा निघाला तर त्यालाही घरात जागा होती: पाहुणा होता, म्हसोबाची जत्रा होती, कुणाचा तरी नवस होता. तोही मरायचाच, हे मी विसरत नाही. पण आरवून, कुंपणावर चढून, शेजारच्या कोंबड्याशी भांडून मग मरायचा. पहिल्या दिवशी कुणाला निरुपयोगी ठरवायची गरज आजीला कधी पडली नाही, कारण तिची कोंबडी अंड्यांची आणि मांसाची अशी दोन जातींत फाटलेली नव्हती.

मी हॅचरी सोडायच्या सुमाराला रंगावरून ओळखायच्या संकरांची चर्चा सुरू झाली होती. माझा जीव त्या रंगांत अडकून राहिला, तो अजून सुटलेला नाही. त्यामागचं शास्त्र असं. माणसात लिंग बापाकडून ठरतं, कोंबड्यांत आईकडून. कोंबड्याला दोन झेड गुणसूत्रं, कोंबडीला एक झेड आणि एक डब्ल्यू. आईचा तो एकुलता झेड फक्त मुलाकडे जातो, मुलीला मिळत नाही. आता पिसांच्या रंगाची काही जनुकं नेमकी या झेडवर बसलेली आहेत. ऱ्होड आयलंड रेड जातीचा तांबडा कोंबडा घ्या आणि रुपेरी पांढऱ्या वाणाची कोंबडी घ्या. पिल्लं फुटली की मुली बापासारख्या तांबूस, मुलगे आईसारखे फिके. किंवा तोच तांबडा कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी: सगळी पिल्लं काळी, पण मुलांच्या डोक्यावर एक पांढुरका ठिपका, आईच्या पट्ट्यांची पहिली खूण. केंब्रिजच्या पनेट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच सुचवलं होतं की या रंगावरून नर पहिल्या दिवशी वेगळे काढले तर त्यांना लागणारं धान्य वाचेल. जीवशास्त्राच्या पुस्तकातला चौकोनी तक्ता ज्यांच्या नावानं आपण शिकतो, तेच हे पनेट. इतकं सोपं की हॅचरीत काल कामाला लागलेल्या पोरीलाही जमेल. मास्तरांची गरज नाही, कात्रीची नाही, ३५व्या कारिकेची नाही.

आपल्याकडे म्हणतात, मुलगा मातृमुखी आणि मुलगी पितृमुखी असली तर भाग्याची. माझ्या पाचवीला आजी हेच म्हणाली होती म्हणे. माझं नाक आबांचं. तांबड्या-रुपेरी संकराच्या ट्रेमध्ये प्रत्येक मुलगी पितृमुखी आणि प्रत्येक मुलगा मातृमुखी, एकही अपवाद नाही. आईनं आपल्याकडचा जो रंग मुलाला दिला, मुलीला देऊच शकली नाही, त्याच रंगावरून त्याला उचलायचं. मला याचा राग येतो. कुणावर, ते ठरवता येत नाही. गुणसूत्रांचा त्यात दोष नाही. ठिपका हे भाग्य की मरण, हे तो ठिपका वाचणाऱ्यानं ठरवलं.

बाजारात मग त्यांतल्याच काहींना दुसरा रंग चढायचा. गुलाबी, पोपटी, जांभळा. आठवडी बाजारात पाटीभर रंगीत पिल्लं आणि भोवती पोरांचा घोळका, हे दृश्य तुमच्याही ओळखीचं असेल. पोरं विचारत, "कोंबडी की कोंबडा?" विकणारा सांगे, मोठी झाल्यावर अंडी देईल. मी तिथून पुढे निघून जायची.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येते. हे मला हॅचरी सोडल्यावर वीस वर्षांनी, एका रात्री हिशेब मांडताना दिसलं.

ज्ञान खरं कशावरून? नैयायिक म्हणतात, त्यावरून केलेली कृती फळाला आली म्हणजे ते खरं. प्रवृत्तिसामर्थ्य हा त्यांचा शब्द. पाणी समजून गेलो, ओंजळ भरली, तहान भागली, तर ते पाणीच होतं. मृगजळ असतं तर ओठ कोरडे राहिले असते. माझं ज्ञान खरं असल्याचा पुरावा म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी. मादी म्हणून दिलेल्या शंभर पिल्लांत दोन महिन्यांनी तीन कोंबडे निघाले, तर माझ्या नावापुढे तीन. मी सत्त्याण्णव टक्क्यांची सेक्सर, आणि याचा मला अभिमान होता. पण ही मोजणी फक्त खोक्यांतल्या पिल्लांची होती. नर म्हणून पिंपात गेलेल्यांत किती माद्या होत्या, हे कुणी मोजलं नाही. मोजता येणारच नव्हतं. खोक्यातली चूक दोन महिन्यांनी तुरा काढून समोर उभी राहायची. पिंपातली चूक त्याच संध्याकाळी संपायची. तिच्यापाशी मृगजळ आणि पाणी यांच्यात फरकच नव्हता.

तीन वर्षं, आठवड्याचे दोन दिवस, दिवसाला साडेतीन हजारांच्या आसपास. दहा लाख पिल्लं. त्यांतली निम्मी, पाच लाख, उजवीकडे, पिंपात गेली. चुकीचं प्रमाण दोन्हीकडे सारखं धरलं, तर पंधरा हजार माद्या. ज्या मरायला नको होत्या असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण मग उरलेले चार लाख पंच्याऐंशी हजार मरायला हवे होते असा त्याचा अर्थ होतो. मला एवढंच म्हणायचं आहे: ज्याला ओळखलं तेच नाहीसं होत असेल, तर ओळखणाऱ्याला आपण चुकलो हे कधी कळत नाही. मग त्याला ज्ञान म्हणायचं का? भर्तृहरीचं माणिक पारख झाल्यावरही माणिकच राहतं. उद्या दुसरा पारखी येऊन पहिल्याला खोटं ठरवू शकतो. ज्ञानाच्या व्याख्येत ही अट कुठे दिसत नाही, कारण ती इतकी उघड आहे की कुणाला लिहावीशी वाटली नसेल: ज्याच्याबद्दल आपण बोलतो त्याला उलट बोलायला जिवंत तरी ठेवलं पाहिजे.

उलट बोललेली एक कोंबडी मी पाहिलेली आहे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आजीची एक कबरी कोंबडी दोन वर्षं अंडी देऊन थांबली, तिचा तुरा वाढला, आणि एका पहाटे ती आरवली. वस्तीत बोभाटा झाला, कोंबडी आरवणं अशुभ, कापून टाका. आजी म्हणाली, "तिचं तिला म्हाईत." ती आरवत राहिली, पुढे कधीतरी मुंगसानं नेली. कॉलेजात मला त्याचं कारण समजलं: कोंबडीचं डावं अंडाशयच काम करतं, ते रोगानं निकामी झालं तर उजवीकडची सुप्त ग्रंथी वाढते आणि वृषणासारखी होऊ लागते. १९२३ मध्ये एडिंबरोच्या क्रू यांनी तर अंडी घातलेली कोंबडी पुढे पिल्लांचा बाप झाल्याची नोंद केलेली आहे. आणि १४७४ मध्ये बाझल शहरात अंडं घातल्याबद्दल एका कोंबड्यावर खटला भरून त्याला जाळलं होतं. ठरवलेल्या नावाला जीव खोटं पाडतो तेव्हा माणसं किती घाबरतात!

राहिला आबांचा प्रश्न. ओळखणारा बाजूला राहतो का? पतंजलींनी योगसूत्रांत, साधनपादाच्या ३४व्या सूत्रात हिंसेचे प्रकार सांगितले: स्वतः केलेली, करवलेली, अनुमोदन दिलेली. ओळखून देणं यांपैकी कशात बसतं, हे मी बरेच दिवस शोधत होते. उत्तर मला शास्त्रात नाही, दवाखान्याच्या भिंतीवर मिळालं. १९८८ साली गर्भलिंगनिदानाच्या तंत्रांवर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. मुलीची आणि पिल्लाची बरोबरी मी करत नाही, तशी करणाऱ्याशी मी भांडेन. पण त्या कायद्यातली एक गोष्ट मला थेट लागली. मारू नका, एवढं म्हणून तो थांबत नाही. गर्भाचं लिंग शब्दानं, खुणेनं किंवा अन्य कुठल्याही रीतीनं सांगू नका, असं तो डॉक्टरला बजावतो. म्हणजे या राज्यानं माझ्या डोळ्यांदेखत ठरवलं होतं की जिथे उत्तराबरोबर मरण ठरलेलं आहे, तिथे ओळखून सांगणारा बाहेरचा नाही.

युरोपात पिल्लांबाबत वेगळी वाट निघाली. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्लं मारायला बंदी केली. जगभरात वर्षाला अशी सुमारे ७०० कोटी मारली जातात असा अंदाज आहे. मारायला बंदी आली तेव्हा ओळखणंच अलीकडे आलं, अंड्याच्या आत. काही ठिकाणी अंड्यातला द्राव तपासतात. तपकिरी कोंबड्यांच्या अंड्यांत बाराव्या-तेराव्या दिवसाच्या सुमारास कवचातून प्रकाश सोडून आतल्या पिसांचा रंग पाहतात: फिका म्हणजे नर. तिथेही तो मातृमुखीच. वेदना कधी सुरू होते यावर तिथे वाद झाला आणि २०२४ पासून तेराव्या दिवसापासून पुढे भ्रूण नष्ट करायला मनाई आली. पिंपापेक्षा हे बरं आहे. मी ते नाकारणार नाही. मी पिंप पाहिलेलं आहे.

गेल्या बुधवारी मी वर्गात हे सगळं सांगितलं. पंधरा हजारांचा आकडा सांगितला, आबांना दिलेलं उत्तरही सांगितलं. सर ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्ही हात कसा धरत होतात, दाखवाल?" एका ताईंनी वहीचं पान चुरगळून त्याचा गोळा करून दिला. मी डाव्या हातात तो घेतला. करंगळी आणि अनामिकेत मान, पाय मागे, अंगठा पोटावर. उजवा अंगठा टेकवला, कड उलगडली. "इथे दिसतं," मी म्हटलं.

"आणि मग?" सरांनी विचारलं.

पाच सेकंदांना एक, असा तो वेग असायचा. मी सांगायला तोंड उघडलं, पण हात त्याआधीच फिरला होता. ओळखणं झालं आणि मग टाकणं, असं दोन वेळा काही घडलं नाही. गोळा उजवीकडे, दाराजवळच्या चपलांत जाऊन पडला.